हात बघून हत्यार

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सुचवला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या गळ्यात पडणं साहजिक होतं. मी हो म्हटलं, आणि आता ऐनवेळी विषय बदलते आहे. मी आज काच कापायच्या कटरबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेत जे हसताहेत ते दहावीतही तिथंच बसून हसायचे, त्यामुळे मला काही नवीन वाटत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की हदगावात बसस्टँडकडून येताना आमचं काच-फ्रेमचं दुकान होतं. लग्नाचे फोटो, देवाच्या तसबिरी, कॅलेंडरवरचे दत्तगुरू, आणि घरात कुणी गेलं की हार घालायचा फोटो. हे सगळं अप्पांच्या हातून जायचं. मला त्या दुकानाची लाज वाटायची. आज इथं उभी राहून हे सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आठवीत असताना आपल्या वर्गाच्या खिडकीची काच फुटली होती. ती बसवायला अप्पा आले. मी पुस्तकात डोकं खुपसून बसले. वर्ग मात्र त्यांच्याभोवती गोळा झाला होता, आणि सगळ्यात पुढं होती आपली ती मैत्रीण, जी आज आपल्यात नाही. नाव मी घेत नाही, तुम्हा सगळ्यांना कळलं आहे. ती नंतर बाकावर येऊन मला म्हणाली, "अगं, तुझे अप्पा पट्टीशिवाय सरळ रेघ मारतात!" मी म्हटलं, "मग काय झालं?" माझ्या त्या उत्तराचा मला आजवर पश्चात्ताप होतो.

आता मूळ गोष्ट. वर्षभरापूर्वी बॅचच्या ग्रुपवर ठरलं की शाळेच्या व्हरांड्यातले दहावीच्या बॅचचे जुने ग्रुप फोटो नीट करायचे. एकूण सत्तावीस तसबिरी. पट्ट्यांना वाळवी लागलेली, काचा तडकलेल्या, भिंतीची ओल आत गेलेली. वर्गणी निघाली. शंभरएक वर्षांपूर्वी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. त्यामानाने आपलं काम किरकोळ होतं. फ्रेमवाल्याची पोरगी म्हणून ते माझ्याकडं आलं. मीही मोठ्या तोऱ्यात घेतलं. मनात होतं, नांदेडच्या एखाद्या दुकानात सगळं टाकून देऊ आणि मोकळं होऊ.

सव्वीस तसबिरींचं तसं होऊ शकलं असतं. अडला तो सत्ताविसावा, आपल्या बॅचचा.

त्याच्या काचेला उजव्या वरच्या कोपऱ्यातून तडा गेला होता. तिरपा, साधारण सव्वा इंच आत आलेला. आणि ओलीमुळं फोटो मधल्या भागात काचेला चिकटला होता. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो ओला होऊन काचेला धरला की सुटत नाही. ओढला तर चेहरे काचेवर राहतात आणि हातात कोरा कागद येतो. म्हणजे काच बदलता येत नव्हती. काच तशीच ठेवावी तर तडा दर उन्हाळ्यात थोडा थोडा पुढं सरकणार. हदगावचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. आणि तडा ज्या दिशेनं चालला होता तिथं, शेवटच्या रांगेत उजव्या टोकाला, ती उभी आहे.

मी इंजिनिअर आहे, म्हणून आधी बॅकअप घेतला. काचेवरूनच फोटो स्कॅन केला, साफ केला, मोठा प्रिंट काढला. ग्रुपवर एकानं लिहिलंसुद्धा, "स्कॅन झालाय ना, मग मूळ कशाला सांभाळता?" मलाही पटलं होतं. मी तो प्रिंट घेऊन तिच्या गावी, तिच्या मायकडं गेले. तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल, त्या वयातला तिचा दुसरा फोटो त्यांच्या घरी नाही. बाजाराच्या दिवशी हदगावला आल्या की त्या शाळेत येतात, शिपाईमामांना सांगून व्हरांड्यात जातात आणि त्या तसबिरीसमोर थोडा वेळ उभ्या राहतात. मायनं प्रिंट हातात घेतला, नीट पाहिला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. पण ती भिंतीवरली ऱ्हाऊ दे बाई. तिला मी हात लावलेला हाय."

त्यानंतर मूळ फोटो वाचवायचा की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

उपाय एकच होता. काचेची उजवी बाजू, दीड इंचाची पट्टी, तड्यासकट वरपासून खालपर्यंत कापून काढायची. त्या बाजूला फोटोच्या पुठ्ठ्याचा दोन इंचांचा कोरा समास होता आणि तिथं तो काचेला चिकटलेला नव्हता. कापायची रेघ तड्याच्या टोकापासून पाव इंच पुढं, आणि रेघेपासून तिच्या खांद्यापर्यंत जेमतेम अर्धा इंच. चुकलं तर तडा सरळ चेहऱ्यात. नांदेडच्या दोन दुकानदारांनी काच पाहिली आणि हात जोडले. त्यांचं बरोबर होतं. परक्याच्या वस्तूची एवढी जोखीम कोण घेईल?

अप्पांचे हात आता कापतात. चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो. तेव्हा कापायचं मीच, हे ठरलं. प्रश्न होता, कशानं?

इथं मी माझ्या सवयीप्रमाणं वागले. एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा कटर, त्यांची चाकं, मुठी, किमती, लोकांचे अभिप्राय. प्रत्येकाला गुण दिले आणि सगळ्यात जास्त गुणांचं, सगळ्यात महागडं कटर मागवलं. पिस्तुलासारखी मूठ, पोटात तेल भरायची सोय. ते घेऊन हदगावला आले. अप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या हातासाठी घेतलंस?"

या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

मग त्यांनी कपाटातून आपला हिरा काढला. लाकडी दांडा, पुढं पितळ, आणि पितळेत बसवलेली हिऱ्याची बारीक कणी. चाळीस वर्षं त्यांनी तो वापरला आणि कुणाला हात लावू दिला नाही. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटायचा. त्या दिवशी त्यांनी स्वतः तो माझ्या हातात दिला. मी रद्दी काचेवर ओढला. पांढरी ओरखड्यासारखी रेघ उठली, भुकटी निघाली, आणि काच मोडायला गेले तर भलतीकडूनच तुटली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. अप्पा म्हणाले, "हिऱ्याची धार एकाच कलावर असते. तो कल माझ्या मनगटाला ठाऊक आहे, तुझ्या नाही. आता शिकायला तुला दोन वर्षं लागतील. सोड."

रात्री मी वाचत बसले, तेव्हा कळलं की अप्पा जे म्हणत होते ते विल्यम वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१६ साली तपासून लिहून ठेवलं आहे. काच कापणाऱ्या हिऱ्याचं गुपित नुसत्या कठीणपणात नाही. नैसर्गिक हिऱ्याच्या बाजू किंचित फुगीर असतात आणि त्यांची वक्र कड काचेला अगदी नेमक्या कोनात टेकली तरच ती ओरखडा न काढता चीर पाडते. त्यानं माणिक आणि नीलमणी यांनाही घासून तसाच आकार दिला, तर त्यांनीही काच कापली. फक्त त्यांची धार लवकर गेली. म्हणजे हिरा टिकतो कठीण म्हणून, पण कापतो तो आकारामुळं, आणि त्याहून जास्त धरणाऱ्यामुळं. टोकदार हिऱ्यानं वाटेल तसं ओढलं तर नुसता ओरखडा निघतो. माझं तेच होत होतं.

चाकाचं कटर आलं ते नेमक्या या अडचणीवर उपाय म्हणून. १८६९मध्ये अमेरिकेत सॅम्युअल मॉन्स यानं पोलादी चाकाचं कटर काढलं. चाकाला दोन्ही बाजूंनी सारखी धार असते, त्यामुळं कोनाची निम्मी काळजी चाकच घेतं. आपल्याकडं दुकानात मागायला गेलात तर त्यालाही 'डायमंड'च म्हणतात, पण त्यात हिरा नसतो. स्वस्तातल्या कटरला पोलादी चाक असतं, ते लवकर बोथट होतं. म्हणून काहींना डोक्यावर सहा सहा चाकं बसवलेली असतात. चांगल्याला टंगस्टन कार्बाइडचं चाक असतं, ते पुष्कळ जास्त टिकतं. चाकाच्या धारेचा कोनही महत्त्वाचा. तो साधारण १२० ते १५० अंशांच्या दरम्यान असतो, आणि काच जितकी जाड तितका तो मोठा लागतो. फोटोची काच दोन मिलिमीटरची. मी आणलेलं महागडं कटर जाड काचेसाठी होतं. तक्त्यात मी ते पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी माझी परीक्षा घेतली. टेबलावर जुनी सतरंजी अंथरली, त्यावर रद्दी काच, आणि समोर तीन कटर. माझं पिस्तूल, गावातून आणलेलं सहा चाकांचं, आणि नांदेडहून मागवलेलं पेनसारख्या सरळ दांड्याचं, कार्बाइडच्या बारीक चाकाचं. म्हणाले, "प्रत्येकानं दहा दहा रेघा मार. मी बघणार नाही, ऐकणार आहे." आणि खरंच खुर्चीत पाठमोरे बसले.

मित्रहो, हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण कुणाला घरी काच कापायची वेळ आली तर उपयोगी पडेल. चांगल्या रेघेचा आवाज बारीक आणि एकसारखा येतो, तव्यावर धिरडं टाकल्यासारखा. करकर आली की दाब जास्त. मधेच आवाज तुटला की चाकानं काच सोडली. रेघ दिसते न दिसते अशी हवी. पांढरी, जाड, भुकटीची रेघ दिसायला जोरदार असते, पण ती कामाची नसते. चाकाला आधी रॉकेल किंवा हलकं तेल लावायचं. काच धुऊन कोरडी करून घ्यायची, कारण धुळीचा एक कण चाकाला उडवतो. रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता, एकदाच. तीच रेघ पुन्हा गिरवायची नाही. गिरवली की चाकही जातं आणि काचही. आणि रेघ मारली की लगेच मोडायची, चहा प्यायला जायचं नाही. डोळ्यांना चष्मा आणि पायात बूट पाहिजेतच. अप्पांनी चाळीस वर्षं चप्पल घालून काम केलं, ते अनुकरणीय नाही.

माझ्या कामात चुकलं तर मागं जायला बटण असतं. त्यामुळं 'एकदाच' या शब्दाची भीती मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा कळली. रेघ बारीक राहिली की मनगट आपोआप परत मागं जायला बघायचं. अप्पा पाठमोरेच ओरडायचे, "गिरवू नको!"

काच अशी का वागते याचं उत्तर १९२०मध्ये ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरनं दिलं. काच मुळात फार बळकट, पण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अगणित चिरा असतात आणि ताण आला की ती त्यातल्या सगळ्यात घातक चिरेतून फुटते. कटर काच कापतच नाही. ते आपल्याला हवी तिथं एक चीर पाडून ठेवतं. मोडताना काच ती वाट धरते. आपल्या फोटोच्या काचेत घातक चीर आधीच होती, तो तडा. मला त्याच्या शेजारी त्याहून सोपी वाट करून द्यायची होती.

तीस रेघा झाल्यावर अप्पा वळले आणि सरळ दांड्याच्या कटरवर बोट ठेवलं. मी विचारलं, "हेच का?" तर म्हणाले, "याचा आवाज दहातल्या आठ वेळा सारखा आला. आयुष्यभर लिहीत आलीस. तुझा हात पेन धरणारा आहे. त्याला पिस्तूल कशाला?" अकरा कटरांना गुण देताना मी सगळं मोजलं होतं, फक्त माझा हात सोडून. त्यानंतर चार दिवस मी त्याच कटरनं शाळेच्या जुन्या खिडक्यांच्या रद्दी काचा कापल्या. जुनी काच जरा लाटेची आणि हट्टी असते, आणि आपल्या फोटोची काचही तशीच होती.

पाचव्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, तसबीर टेबलावर घेतली. बिरंज्या काढल्या. समासाचा मागचा पुठ्ठा ब्लेडनं कापून बाजूला केला. उजवीकडची काच मोकळी झाली. काच पुसली. पट्टी ठेवली. आणि ती हलू नये म्हणून धरायला कुणी तरी हवं होतं. अप्पा पुढं आले. मी त्यांच्या हातांकडं पाहिलं, ते कापत होते. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी दोन्ही तळवे पट्टीवर ठेवून भार दिला. हात थांबले.

"ओढ," ते म्हणाले.

मी ओढली. बारा इंच. आवाज दहा इंचांपर्यंत एकसारखा आला आणि शेवटी किंचित बदलला. आम्हा दोघांनाही तो ऐकू आला. मनगट मागं जायला निघालं. अप्पांनी पट्टी उचलून घेतली, म्हणजे गिरवायची सोयच उरली नाही. रेघ टेबलाच्या कडेवर आणली, बाहेरची पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि खाली दाबली. टक्. तड्यासकट पट्टी माझ्या हातात आली.

ती शेवटच्या रांगेत उजव्या टोकाला जशी होती तशीच उभी होती.

काम अगदी बिनचूक झालं असं नाही. शेवटच्या दोन इंचांत काच पळाली आहे, तीनएक मिलिमीटर बाहेर. अप्पांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चालतंय. फ्रेमच्या खाचेत जातंय." तुम्ही आता व्हरांड्यात जाऊन पाहाल तर दिसेल की आपल्या फोटोचा समास डावीकडं रुंद आणि उजवीकडं अरुंद आहे. सकाळपासून तिघांनी मला येऊन सांगितलं की तसबीर एका बाजूला सरकली आहे. सरकलेली नाही. ती तशीच राहणार आहे. समास सारखा दिसावा म्हणून डावी बाजूही कापू का, असं मी विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "जिथं गरज नाही तिथं काचेला हात लावू नये."

बाजाराच्या दिवशी माय आल्या होत्या. मी तेव्हा पुण्यात होते. शिपाईमामांनी फोनवर सांगितलं, नेहमीसारख्या उभ्या राहिल्या, काचेला हात लावला आणि गेल्या. समासाबद्दल काही बोलल्या नाहीत.

आता शेवटचं, आणि ते कामाचं आहे. बाकीच्या सव्वीस तसबिरी मी नांदेडला पाठवलेल्या नाहीत. त्यांच्या काचा नव्या बसवायच्या आहेत, म्हणजे जोखीम नाही, आणि त्या आपण आपल्या हातांनी कापाव्यात असं मला वाटतं. मुख्याध्यापकांनी कार्यानुभवाची खोली द्यायचं कबूल केलं आहे. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मी येणार आहे. नववीची मुलंही पाहायला येतील. वेगवेगळ्या मुठींची पाच कटरं मी आणली आहेत, ती नंतर शाळेच्या कपाटात राहतील. माझं पिस्तूलही त्यात आहे, ते कुणाच्या तरी हाताला बसेलच. अप्पा खुर्ची टाकून पाठमोरे बसणार आहेत. येताना जाड बूट घालून या. आणि रेघ गिरवू नका, त्यांना ऐकू येतं.